विक्रोळीच्या जत्रेतला उघडा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. वायरवाला. विक्रोळीच्या एका मंडळाने मला लॅमिंग्टन रोडवरून आणलं, तेव्हा माझी जाळी चांदीसारखी चमकायची. आता ती एका बाजूने चेपली आहे. एका प्रमुख पाहुण्यांनी भाषणाच्या भरात टेबलावर मूठ आपटली, त्या मुठीत मी होतो.

माझं आयुष्य तसं मानाचं. सत्यनारायणाच्या पूजा, पाणी बंद राहण्याच्या सूचना, हरवलेली मुलं, सापडलेल्या चपला, सगळं मी सांगितलं. भाषण रंगलं की हार वक्त्याला आणि भोंग्यातून शिटी वाजली की शिव्या मला. मध्यंतरी बिनवायरीचा माईक आला आणि मी कपाटात फाटक्या बॅडमिंटनच्या जाळीखाली गेलो. पण त्याची बॅटरी नेमकी आभार मानताना संपते. मग माझी आठवण होते.

यंदाच्या मालवणी जत्रेतही तसंच झालं. मला हातात घेतलं जान्हवीने. नुकतीच बारावी झालेली, आवाज खणखणीत. स्टेजला लागूनच तिच्या आईचा, शेवंतीबाईंचा, कोंबडी-वड्यांचा स्टॉल होता आणि घरात भांडण चालू होतं. जान्हवीला मास मीडिया करायचं होतं. स्टॉलवर गल्ला सांभाळणाऱ्या वडिलांना, दशरथरावांना, हवं होतं मॅनेजमेंट. प्रवेश दोन्हीकडे मिळत होता. सोमवारपर्यंत एक ठरवायचं होतं.

दशरथराव म्हणायचे, "बोलूक फी कित्याक भरूची? जन्मापासून फुकट बोलतंस मां!"

मी अर्थातच मास मीडियाच्या बाजूने होतो. यात माझा काही स्वार्थ होता, असं कृपया समजू नये.

त्या संध्याकाळी जान्हवीने आईच्या वड्यांचं असं वर्णन केलं की रांग गेटपर्यंत गेली. आणि कोंबडीचं पातेलं रिकामं झालं! वडे होते, पण सोबत काहीच नव्हतं. "ओ ताई, बोलावलंत कशाला मग?" रांग ओरडू लागली. जान्हवीने मला स्टॉलच्या बाजूच्या खुर्चीवर ठेवलं आणि ती आत धावली.

बटण बंद करायचं राहिलं. मी इमानी माणूस, माझं काम करत राहिलो.

"आई, त्या टोकाच्या स्टॉलवर राणेकाकूंचे वडे संपलेत, पण काळ्या वाटाण्याचं सांबारं भरपूर आहे," जान्हवीचा आवाज अख्ख्या मैदानात घुमला. "आपले वडे, त्यांचं सांबारं. पैसे अर्धे-अर्धे."

"तिच्या सांबाऱ्यात मीठ नसतं!"

"ऐकलं गं शेवंते!" मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून राणेकाकू गरजल्या. "खाऊन बोल!"

मैदान हसत सुटलं. भोंग्यांची तोंडं पलीकडे होती, त्यामुळे स्टॉलमधल्या तिघांना वाटलं, लोक जत्रेला आलेत, हसणारच. सांबारं आलं, रांग पुढे सरकू लागली.

मग दशरथराव हळूच म्हणाले, म्हणजे त्यांच्या मते हळूच, "जानू, मी उगाच आडवा येत होतो गं. तू बोलतेस तेव्हा माणसं खेचली जातात. घे तुझं मास मीडिया."

"बाबा, आता मला मॅनेजमेंट हवंय."

"आता? अगं, आत्ता कुठे मी तयार झालो!"

"लोकांना बोलवायला मला येतं, बाबा. बोलावलेल्यांना जेवायला घालताना आज माझी वाट लागली. जे येत नाही ते शिकायचं ना कॉलेजात?"

"आणि त्यातही आवडलं नाही तर?"

"तर मी सांगेन. बोलता येतं ना मला."

यावर मैदानाने टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुठे जान्हवीचं लक्ष माझ्याकडे गेलं. ती लाल झाली, धावत आली, पण बटण बंद करण्याआधी म्हणाली, "ऐकलंत ना सगळ्यांनी? सोमवारी बाबांचं मत पुन्हा बदललं, तर साक्षीला या."

मास मीडिया हरलं म्हणून क्षणभर मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एवढ्या वर्षांत माझ्यासमोर इतकं विचार करून कुणीच बोललं नव्हतं. प्रमुख पाहुणे तर नाहीच नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी आपलं काही ठरवत असेल, तर त्याचं बोलून होऊ द्या. मध्येच त्याच्या हातातून माईक ओढू नका. वायर तुटते, आणि ती जोडून घेतली तरी आवाज पहिल्यासारखा येत नाही.