पोपटी ओढणी आणि मी

मी काळा कोट बोलतोय. नाशिकच्या कोर्टात मुलांवरच्या अत्याचारांचे खटले चालवणाऱ्या सरकारी वकील योगिनी बोरस्ते यांचा कोट. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. रंगच काळा असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच.

माझा जन्म पंचवटीतला, जयराम टेलरांच्या दुकानातला. माप घेताना त्यांनी विचारलं, "ताई, खिसे कसे काढू?"

"आतून एक मोठा काढा काका. लिमलेटच्या गोळ्या मावल्या पाहिजेत."

"वकिलाच्या कोटात गोळ्या?" काका हसायला लागले. पण मॅडम कुठल्या कामासाठी चालल्यात हे कळलं, तेव्हा त्यांचं हसू थांबलं. त्यांनी तो खिसा दुहेरी शिलाईनं शिवला आणि त्याचे जास्तीचे पैसे काही घेतले नाहीत.

सुरुवातीचे दिवस माझे फार ऐटीचे होते. मॅडम मला चढवून उभ्या राहिल्या की समोरचे वकील कागद सावरायचे, पोलीस चहाचा कप खाली ठेवायचे. मला वाटायचं, हा सगळा मान माझाच आहे.

मग कळलं, की ऐन महत्त्वाच्या वेळी मला बाहेर ठेवतात. लहान मूल साक्षीला आलं, की मॅडम मला काढून आपल्या खोलीतल्या खुंटीवर टांगतात. न्यायाधीश साहेबही म्हणे आपला कोट उतरवतात आणि मुलाच्या जवळ साध्या खुर्चीवर बसतात. मुलांनी काळ्या कपड्यांना बिचकू नये म्हणून ही पद्धत आहे. पद्धत असेल चांगली, पण खुंटीवर लटकणाऱ्याला विचारा!

आणि माझ्या जागी आत कोण जातं? ओढणी! मेन रोडवरच्या सेलमधली, पोपटी रंगाची, पहिल्याच धुण्यात बादलीभर रंग सोडलेली ओढणी. मॅडम माझ्या खिशातल्या गोळ्या काढतात, ओढणी गळ्यात टाकतात आणि निघतात. गोळ्या माझ्या, खिसा माझा, आणि मुलांच्या तोंडी कौतुक मात्र 'पोपटी ओढणीवाल्या ताईं'चं. कोटाला पोट नसतं, तरी माझ्या अस्तरात कुठंतरी दुखायचंच.

अशात साईची केस आली.

साई निफाडकडच्या एका खेड्यातली. दुसरीत शिकणारी. तिची आई मनीषा द्राक्षाच्या बागेत कामाला जायची. शेजारचा एक माणूस साईला रोज मोटरसायकलवर शाळेत सोडायचा. घरातलाच म्हणावा असा. त्यानंच घात केला. पुढचं मी सांगत नाही. ते साईनं सांगायचं होतं, आणि साई तर बोलतच नव्हती. पोलिसांना थोडंफार सांगितलं होतं, त्यानंतर तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. ती कोर्टात बोलली नाही, तर तो माणूस सुटून पुन्हा तिच्याच दारासमोर राहायला येणार होता.

साक्षीच्या आधी मॅडमना तिला एकदा भेटायचं होतं. त्या दिवशी दुसरी सुनावणी लांबली आणि मॅडम घाईघाईत तशाच साई आणि मनीषा बसल्या होत्या त्या खोलीत शिरल्या. म्हणजे मला घालून. मी मनात म्हटलं, चला, आज तरी मूल आपल्याला भेटणार!

साईनं मला पाहिलं आणि ती टेबलाखाली शिरली.

"मी काय नाय केलं! आई, मला नेऊ देऊ नको! मी कोणाला नाय सांगितलं!"

मनीषा कावरीबावरी झाली. "मॅडम, त्यानं तिला धाक घातलेला हाय. कोणाला सांगितलं तर काळ्या कोटवाले येतील अन् तुलाच धरून नेतील, असं म्हणला व्हता."

मॅडमनी मला काढलं आणि दाराबाहेरच्या बाकावर टाकलं. खुंटी शोधायलाही त्या थांबल्या नाहीत. माझा इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता. पण खरं सांगतो, त्या दिवशी मी मॅडमवर चिडलो नाही, ओढणीवरही नाही. त्या माणसावर चिडलो. त्यानं तिला भीती घातली, तीही माझ्या नावानं!

साक्षीच्या दिवशी मी खुंटीवर होतो आणि दार बंद होतं. आत काय झालं ते मला माहीत नाही. बऱ्याच वेळानं मॅडम परत आल्या. ओढणीचं एक टोक चुरगळून ओलं झालं होतं आणि त्याला गाठींवर गाठी मारलेल्या होत्या. बोलताना साई ते टोक हातात धरून बसली असणार.

"बोलली," मॅडम आपल्या कारकुनाला म्हणाल्या. "सगळं बोलली पोरगी." आणि त्यांनी त्याच ओढणीनं डोळे पुसले.

माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच जळायलाही लागला. त्या गाठी मॅडमनी सोडवल्या नाहीत, तशाच ठेवल्या. माझी बाही अशी कुणी कधी धरली होती का?

शेवटच्या युक्तिवादाला मात्र मी होतो. मॅडमचा आवाज त्या दिवशी चढला नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, या मुलीला ज्या दारात न्याय मिळायचा, त्याच दाराची यानं तिला भीती घातली." आरोपी मान खाली घालून बसला होता. मी मनात म्हटलं, बघ की वर! काळा कोट तुझ्यासाठी आलाय.

निकाल लागला. तो दोषी ठरला, शिक्षा झाली.

आम्ही बाहेर आलो तर व्हरांड्यात मनीषा उभी होती. साईला घरी कुणापाशी ठेवणार, म्हणून सोबत आणलेलं. मॅडमना पाहताच मनीषाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण साई? साईनं मला पाहिलं आणि आईच्या मागं दडली.

"आई, ती पोपटी ओढणीवाली ताई कुठं हाय? मला तिला भेटायचंय."

मॅडम समोर उभ्या होत्या, आणि माझ्यामुळे साईला त्या ओळखू येत नव्हत्या. ओढणी तर त्या दिवशी घरी दोरीवर वाळत पडलेली. मॅडमनी मला झटकन काढलं आणि बाकावर टाकलं. मी घसरून फरशीवर पडलो.

साईनं वर पाहिलं. "ताई!" म्हणून ती धावली, ती थेट माझ्या बाहीवर पाय देऊन.

म्हणजे ओढणी लागतच नव्हती तर! मी उतरलो की झालं. याचा आनंद मानावा की रडावं, मला कळेना.

"साई, पाय लागला ना? पाया पड त्याच्या," मनीषा सवयीनं बोलून गेली, आणि बोलल्यावर तिनं जीभ चावली.

साई थांबली. मागं वळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वाकली, बाहीला बोटं लावली आणि तो हात छातीला लावला. जसा पुस्तकाला पाय लागला की लावतात तसा. आणि मगच ताईकडे गेली.

आज मी पुन्हा खुंटीवर आहे. आत कुणाचं तरी लेकरू बोलतंय आणि ती पोपटी बया नेहमीसारखी मिरवत असणार. मिरवू दे. मी जळणारच, तो माझा स्वभाव आहे. फक्त योगिनी मॅडम, एक विनंती आहे. लेकरू दारात दिसलं की मला लगेच उतरवत जा, माझ्या मानपानाचा विचार करू नका. आणि उजव्या बाहीवर लहान चपलेचा मातीचा डाग आहे, तेवढा मात्र ब्रशनं झाडू नका.