कारण शेजाऱ्यांना विचारा

थोरलीला वास आधी आला, ट्रॅक्टर नंतर दिसला. द्राक्षांचे घड नुकते रंगाला आले होते, वारा सुटला होता, आणि अशा वाऱ्यात शेजारचे काका फवारणीचं मशीन लावून कुंपणाला खेटून चालले होते. पांढरं धुकं त्यांच्या वेलींवर पडलं त्याहून जास्त हिच्या काठच्या चार ओळींवर येऊन बसलं.

"काका, बंद करा आधी!" ती ओरडत धावली.

काकांनी मशीन बंद केलं, पण ओळ संपल्यावरच. "अगं, वाऱ्याला मी काय सांगू? आणि तुझं काय बिघडलं? फुकटात औषध मिळालं. वेलींना दूध पाजणारी माणसं तुम्ही!"

दुधाचं खरं होतं. पानांवर भुरीची बुरशी धरू नये म्हणून हे घर पाण्यात दूध मिसळून फवारायचं, ओळींमधलं गवत राखायचं आणि आजूबाजूच्यांची करमणूक करायचं. वडील गेल्यावर बाग सेंद्रिय करायचं खूळ थोरलीचंच. सुरुवातीला पीक निम्म्यावर आलं तेव्हा आत्यानं तर तिला डॉक्टरकडे न्या म्हणून सुचवलं होतं. हट्टानं तिनं ते निभावलं. आता बाटलीवर 'सेंद्रिय' छापून येत होतं, आणि त्या शब्दाला कुणी बोट लावलं की तिच्या अंगाला काटे फुटायचे.

आणि धुकं बसावं ते नेमकं याच चार ओळींवर! जमीन खडकाळ, घड मूठभर, पण आईच्या लाल वाइनचा सगळा जीव तिथल्या रसात. वाइन करायची ती आईच. टाकीला कान लावून 'बोलतेय अजून' म्हणायची आणि दुसऱ्या कुणाला झाकण उघडू द्यायची नाही.

"मिसळून टाकू," स्वयंपाकघरात धाकटा भाऊ म्हणाला. "प्रमाणपत्रवाले तपासायला येतात ते मधल्या ओळींतली पानं नेतात. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"तुला कोण विचारतंय?"

"म्हणून तर न विचारता सांगतेय. त्या चार ओळी वेगळ्या खुडायच्या. वेगळ्या टाकीत."

आईनं हातातलं फडकं आपटलं. "आणि माझी वाइन? त्या ओळींशिवाय ती म्हणजे मीठ नसलेलं जेवण. औषध सगळेच मारतात गं. पिऊन कुणी मेलंय का?"

"मरायचा प्रश्नच नाही, आई. पण बाटलीवर आपण एक लिहायचं आणि आत दुसरं भरायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. तशीच करायची असेल तर माझ्याशिवाय करा."

आईनं फडकं उचललं आणि तिच्याशी बोलणंच टाकलं. खुडणी झाली, द्राक्षं तुडवून झाली, टाक्या फसफसल्या आणि शांत झाल्या, तरी दोघींमधला निरोप्या धाकटाच. "आई म्हणते झाकण लाव." "ताई म्हणते लावलंय." त्याचा जीव मेटाकुटीला आला.

सेंद्रिय वाइन खरंच पोरकी लागत होती. थोरलीनं ती तोंडात घोळवली आणि तळघराच्या पायरीवर बसून राहिली. बाजूच्या लहान टाकीतली, त्या चार ओळींची, मात्र गडद, तिखट, तोऱ्यातली. धाकटा म्हणाला, घाऊक व्यापाऱ्याला देऊन टाकू, तो कशातही मिसळेल, आपलं नावही येणार नाही.

"का नाही येणार? आपलीच आहे ती. नाव घालून विकायची, आणि खरं लिहून."

लेबलचा मजकूर तिनं उभ्या उभ्या सांगितला. छापखानेवाल्याचा फोन आला. "ताई, काहीतरी गडबड झालीय का? इथे लिहिलंय, 'ही वाइन सेंद्रिय नाही. कारण शेजाऱ्यांना विचारा.'"

"काही गडबड नाही. अक्षर जरा मोठं घ्या."

"आपण भांडण बाटलीत भरतोय," धाकटा म्हणाला.

"टाकीत तेच होतं."

थंडी सरता सरता बाटल्या दुकानांत गेल्या आणि आठवड्याभरात काका फाटकाशी आले, काखेत एक बाटली मारून. चेहरा लालबुंद.

"ही काय थट्टा लावलीय? केस कापायला गेलो तरी लोक विचारतात! माझी बायको विचारते!"

"मग सांगा ना, काका."

"बदनामी आहे ही! तक्रार करीन मी!"

"करा. तुमचं नाव कुठे आहे त्यात? मला तीन बाजूंना शेजारी आहेत. बाकीचे दोघे अजून आले नाहीत."

लहानपणी याच माणसानं तिला सायकल शिकवली होती. पण तिनं फाटक सोडलं नाही.

"लेबल काढून टाक. तुझ्या बापाचा मित्र म्हणून सांगतोय."

"नाही काढणार. आणि यंदा पुन्हा वाऱ्यात फवारलंत तर यंदाच्या बाटलीवरही हेच येईल."

मागे चपला वाजल्या. आई हात पुसत आली, थोरलीकडे न बघता थेट काकांच्या काखेकडे बघत.

"वहिनी, तुम्ही तरी समजवा हिला."

"तिला समजावून मीच दमलेय. तू एक सांग, अर्धी रिकामी दिसतेय. कशी लागली?"

काका फाटकाच्या कडीकडे बघत राहिले. "...चांगली आहे," ते पुटपुटले. "फारच चांगली आहे."

"असणारच. माझी आहे. आता जरा विचार कर, ती कुठल्या बाटलीत जायची होती."

काका वळले. कुंपणाच्या कडेकडेनं जाताना एकदा थांबले, त्या चार ओळींकडे बघितलं आणि चालू लागले.

आई अजून फाटकाशीच उभी होती. मग कितीतरी महिन्यांनी थेट थोरलीला म्हणाली, "अक्षर अजून मोठं घ्यायला हवं होतंस. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."