जगलेल्या पोरांचे कागद

सरकारी तक्ता भरायचा कंटाळा कोणाला येत नाही? वरून कागद येतो, आठ दिवसांत परत पाठवा म्हणून खाली तांबडी रेघ असते. मग आपण काय करतो? दारोदार फिरायचं सोडून खुर्चीत बसतो आणि आपल्याला आधीपासून ठाऊक आहे असं जे वाटतं, ते सुबक अक्षरात लिहून मोकळे होतो. मास्तर करतात, तलाठी करतात, तुम्हीआम्हीही कुठं ना कुठं केलेलं असतं. ही गोष्ट अशाच एका तक्त्याची आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही म्हणाल, ते तिथलं झालं, आमच्याकडं असं नाही.

सन सत्तावन-अठ्ठावनच्या सुमाराची हकिगत. वाशीमहून मानोऱ्याकडं जाताना एका गावात दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि तिथं धुरपताबाई नर्स होत्या. रिसोडजवळच्या एका लहान शेतकऱ्याची ही मुलगी. घराण्यात पहिली शिकलेली, पहिली नोकरी करणारी. पांढरं लुगडं नेसून माहेरी गेली की बाजारातली माणसं बाजूला सरकून वाट द्यायची, आणि ते तिला आवडायचं. आवडू नये असं नाही. पण मान मिळायला लागला की माणसाला आपलं चुकतच नाही असं वाटू लागतं, तसं तिचं झालं होतं.

त्या दीड वर्षात दवाखान्याच्या टापूत अकरा तान्ही पोरं गेली. सगळ्यांचं एकसारखंच. पाच-सहा दिवस पोर चांगलं असायचं, मग अंगावर प्यायचं बंद व्हायचं, जबडा आवळायचा, अंग धनुकलीसारखं वाकायचं आणि आठव्या-नवव्या दिवशी संपायचं. धनुर्वात. जिल्ह्यावरून हुकूम आला की याचं कारण नर्सबायांनी स्वतः शोधून काढावं. त्यासाठी अकोल्याला चार दिवसांचा वर्गही झाला. शिकवायला गोजराबाई होत्या. तीस वर्षं नोकरी झालेली, डोळ्याला जाड चष्मा लावणारी म्हातारी नर्स. त्यांनी समजावून सांगितलं होतं की आधी प्रश्न नीट मांडा, उत्तर आधी ठरवू नका, घरोघर जाऊन विचारा, सांगतील तसं लिहा आणि शेवटी मोजा. धुरपताबाईनं ते सगळं वहीत उतरवून घेतलं. वही पेटीत गेली आणि पेटीला कुलूप लागलं.

कारण उत्तर तिला ठाऊकच होतं! गावाबाहेर बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथली रामीबाई दाई आसपासच्या वस्त्यांवरही बाळंतपणं करायची. अकरापैकी सात पोरं तिच्याच हातची. दोन वर्षांपूर्वी धुरपताबाईनं सगळ्या दायांना बोलावून नाळेवर बांधायला दवाखान्याच्या पांढऱ्या पट्ट्या वाटल्या होत्या. तेव्हा ही एकटीच अडली होती. म्हणे विळा आगीत धरते, दोरा उकळते आणि नाळ उघडीच ठेवते, सासूनं तसंच शिकवलं. धुरपताबाईनं तिला चारचौघींत झापलं होतं आणि तांड्याचे नाईक दौलतसिंग यांच्याकडून ताकीद देववली होती की पट्टीशिवाय बाळंतपण करायचं नाही. तेव्हापासून रामीबाई पट्टी मिळेल तेव्हा बांधायची.

तर धुरपताबाईनं दवाखान्याच्या ओसरीत बसून एका दुपारी अकरा कागद भरले. कारण : दाईची अस्वच्छता व अज्ञान. उपाय : रामीबाई हिस मनाई करावी. एवढ्यावर ती थांबली नाही. कागद वर जायच्या आतच तिनं तांड्याच्या विहिरीवर बायांना सांगून टाकलं की हिच्या हातानंच पोरं मरतात.

त्या दिवसापासून रामीबाईला कोणी बोलावलं नाही. वाटेनं ती दिसली की बाया तान्ह्यावर पदर ओढायच्या. त्या सातांत तिचा स्वतःचा नातूही होता. तिची सून गोमती पहिलटकरीण होती. विहिरीवरचं बोलणं कानी पडलं तशी ती पोहरादेवीकडं माहेरी निघून गेली आणि सासूचं तोंड पाहणार नाही म्हणून बसली.

पंधरा दिवसांनी कागद तपासायला गोजराबाई एसटीनं आल्या. अकराही कागद त्यांनी चष्मा पुसून वाचले. एकाच शाईचे, एकाच बैठकीत लिहिलेले, कुठं घडी नाही की धुळीचा डाग नाही. त्या काही रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं की दीड वर्षात पोरं जन्मली किती. धुरपताबाईनं जन्माचं रजिस्टर पाहून त्रेचाळीस सांगितली.

“मंग बाकीच्या बत्तीस पोरायचे कागद कुठी हायेत?”

“ते तं जगले, बाई. त्यायचं काय लिहाचं?”

“मेलेल्यायच्या घरी हे दाई होती म्हनून तू म्हन्तं, दाईनं मारलं. आन् जगलेल्यायच्या घरीबी हेच दाई असंल तं? मंग तिनंच जगवले म्हनशीन का?” गोजराबाई शांतपणे म्हणाल्या. “धुरपता, फक्त मढ्याले पुसून रोग सापडत नाही. जगलेलं पोरगं काहून जगलं, हेबी पुसा लागते. चाल, चप्पल घाल.”

धुरपताबाईला राग आला. आपल्या शब्दापुढं एका अडाणी दाईची बाजू घेतात म्हणजे काय! पण वरिष्ठांपुढं काय बोलणार? ती निघाली. सहा दिवस दोघी पायी, बैलगाडीनं, एकदा मालेगावकडून आलेल्या भुसाराच्या गाडीवर बसून हिंडल्या. प्रत्येक घरी गोजराबाई आधी पाणी मागायच्या, मग पोराचं नाव विचारायच्या आणि मग हळूच प्रश्नाला हात घालायच्या. दाई कोण होती, नाळ कशानं कापली, वर काय लावलं, काय बांधलं, महिना कोणता होता. बाई चुकीचं सांगते आहे असं वाटून धुरपताबाई मध्ये बोलली की त्या तिच्या गुडघ्यावर हात ठेवायच्या. ती जे सांगते ते लिही, आपल्याला काय वाटतं ते नंतर पाहू, असं परतताना सांगायच्या.

पाचव्या दिवशी त्या गोमतीच्या माहेरी पोचल्या. पोरगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. नर्सबाई दिसताच तिनं बसायला घोंगडी टाकली. हे नीट ध्यानात घ्या, वाचकहो, जिच्यावर तिचा पूर्ण विश्वास होता, तिलाच तिनं घोंगडी टाकली. नाळेला काय बांधलं होतं, असं गोजराबाईंनी विचारलं.

“दवाखान्याची पट्टी,” गोमती म्हणाली. “सासू नोको म्हने. तिले वाटे उघडंच रावं. मीच रडून बांधाले लावली. सिष्टरबाईनं सांगतलं होतं ना, पट्टीनं पोरगं वाचते म्हनून. पर सासूचा हातच वाईट. मारलं तिनं माह्या पोराले.”

धुरपताबाईनं ते कागदावर उतरवलं. पण या खेपेला अक्षर सुबक आलं नाही.

सातव्या दिवशी ओसरीत चिंचोके घेऊन दोघी मोजायला बसल्या. पट्टी बांधलेली पोरं एकीकडं, न बांधलेली दुसरीकडं. पट्टी नव्हती अशी एकोणीस, त्यांतलं गेलं एक. ते का गेलं हे कळलं नाही आणि गोजराबाईंनी कळलं नाही असंच लिहायला लावलं. पट्टी बांधलेली चोवीस, त्यांतली गेली दहा. रामीबाईच्या हातची सातही याच ढिगात होती. आणि पट्टीशिवायच्या एकोणिसांत तिनं केलेली बाळंतपणं बारा. त्या बाराही घरांत पोरं रांगत, रडत, माती खात होती.

गोजराबाई उठल्या आणि म्हणाल्या की पट्ट्या कुठं तयार होतात ते पाहू.

दवाखान्याचा शिपाई पुंजाजी हा सरळ माणूस. विचारलं तसं त्यानं सगळं दाखवलं. कोऱ्या मांजरपाटाच्या पट्ट्या फाडायच्या आणि खळ काढायला धुवायच्या. उन्हाळ्यात त्या दगडी ओट्यावर वाळायच्या. पावसाळ्यात ओटा ओला, म्हणून मागच्या गोठ्यात गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या त्यांच्यावर पसरायच्या. तिथं ऊबही असते आणि जागा कोरडीही असते, असं तो मोठ्या कौतुकानं सांगत होता. वाळल्या की झटकून डब्यात. उकळायचं काम आपलं नाही, ते बाईंचं, असंही म्हणाला. कागद पाहिले तर पट्टी बांधून गेलेली दहाही पोरं आषाढ ते कार्तिकातली होती.

धनुर्वाताचे जंतू शेणात असतात, हे धुरपताबाईनं परीक्षेत लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. गोठ्यावरून ती रोज दोनदा जायची. त्या पांढऱ्या पट्ट्या रोज तिच्या डोळ्यांसमोर होत्या! आणि उकळण्याचं म्हणाल तर, रॉकेल पुरत नव्हतं म्हणून पहिल्याच पावसाळ्यात तिनं ते सोडून दिलं होतं. रजिस्टरात मात्र दर सोमवारी ‘पट्ट्या उकळल्या’ अशी ओळ आणि खाली तिची सही होती. तोंडाला पदर लावून ती किती वेळ बसली याला हिशेब नाही. लाज वाटते म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी कळलं. अंगावरचं पांढरं लुगडं काढून कुठं टाकावं असं तिला झालं.

पण माणसाचं मन मोठं चिवट असतं. थोड्या वेळानं तीच गोजराबाईंना विनवू लागली. रामीबाईचं नाव कागदातून काढून टाकू, आजपासून रोज पट्ट्या उकळू, गुपचूप सगळं सुधारू. कोणाला कळायचं काय कारण? दवाखान्यावरचा लोकांचा विश्वास उडेल, बाया पुन्हा येणार नाहीत. यात थोडं खरंही होतं, म्हणून तर ते बोलायला सोपं होतं.

गोजराबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“कागद सुधरंल, बाई. गोमती कशी सुधरंल? तिनं तुह्या बोलन्यावर घर सोडलं. पट्टीतली घान उकळून जाते. रजिस्टरातली कशानं जाईन? आपल्यावर लोकायचा इश्वास हाये म्हनूनच खरं सांगा लागते. शोध लावनं म्हन्जे दुसऱ्याचा गुन्हा शोधनं नोहे. उत्तर आपल्याच दारात निघालं तरी ते लिहाची तयारी पाह्यजे. ते नसंल तं प्रश्न इचारूच नोये.”

त्या रात्री धुरपताबाई जेवली नाही. सकाळी तिनं नवे कागद केले, अकरा आणि बत्तीस. त्यात एक रकाना वाढवला : पट्टी कोणाकडून मिळाली. चोवीस वेळा तिनं तिथं स्वतःचं नाव लिहिलं.

दौलतसिंग नाईकांनी तांड्यातल्या लिंबाखाली माणसं बोलावली. गोमतीला तिचा बाप घेऊन आला होता. ती सासूपासून लांब, बायांच्या पाठीमागं उभी राहिली. रामीबाई एकटीच एका बाजूला बसली होती, खाली मान घालून. तिला वाटलं असावं, आज तांड्यातून काढून देण्याचा निवाडा आहे.

धुरपताबाईनं उभं राहून सांगितलं. पट्ट्या कुठं वाळत होत्या ते सांगितलं, उकळल्या नव्हत्या हे सांगितलं, खोटी सही केली हेही सांगितलं. रामीबाईची रीत आपल्या पट्टीपेक्षा चांगली होती आणि आपणच ती दमदाटीनं मोडली, हेही सांगितलं. कोणी शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

मागून गोमती पुढं आली. “मंग माह्या पोराले कोनं मारलं?”

“म्या,” धुरपताबाई म्हणाली.

धुरपताबाईला पुढं काय करावं सुचेना, म्हणून तिनं कागद वाचायला घेतला. अर्भक क्रमांक एक, अर्भक क्रमांक दोन. तेवढ्यात रामीबाईनं मान वर केली.

“नंबर वाचू नोको, बाई. आमच्या लेकरायची नावं ठेवाचीच होती अजून. मायायची नावं वाच.”

धुरपताबाईनं वाचली. तांड्यातल्या बायांची वाचली, गावातल्यांची वाचली, जी पट्टीशिवाय गेली त्या पोराच्या आईचंही वाचलं. तांड्यातली एकेक बाई आपलं नाव आलं की ‘व्हय’ म्हणायची. शेवटचं नाव गोमतीचं होतं. तिच्या तोंडून ‘व्हय’ निघालं नाही. ती वळली, रामीबाईजवळ गेली आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून ओरडून रडली. म्हातारीचे हात महिनाभरात कोणाच्या अंगाला लागले नव्हते. ते सुनेच्या पाठीवरून फिरू लागले.

रामीबाईनं नर्सबाईला माफ केलं का? मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं लिहायचं नाही हाच तर या गोष्टीचा धडा आहे. एवढं खरं की पुढं दर सोमवारी ती दवाखान्यात यायची, चुलीशी बसायची आणि पट्ट्यांच्या पातेल्याला उकळी फुटलेली डोळ्यांनी पाहायची. त्यानंतरच धुरपताबाई रजिस्टरात ओळ लिहायची, आणि सहीशेजारी रामीबाईचा अंगठा असायचा.

बंधुभगिनींनो, अडाणी, घाणेरडे, रीतीभातीत बुडालेले, असं आपण कितीदा कोणाला तरी म्हणून मोकळे होतो! शिकलेल्याच्या हातात लेखणी असते, म्हणून त्याचा अंदाजही निकाल ठरतो आणि कोणाचं तरी घर मोडून जातो. नर्स असा, मास्तर असा, कारकून असा, बोट दाखवण्याआधी दारोदार जाऊन विचारा. ज्यांचं बिघडलं त्यांना विचारा, आणि ज्यांचं बिघडलं नाही त्यांनाही विचारा. आणि चूक आपलीच निघाली, तर ज्या विहिरीवर दुसऱ्याचं नाव घेतलं होतं, तिथल्याच माणसांपुढं उभं राहून स्वतःचं घ्या. लाजेनं माणूस मरत नाही. लाज झाकली की मात्र दुसरे मरतात.