डॉर्कस पेलीची खुर्ची

मी बर्चच्या लाकडाची एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्चीच्या गोष्टीत मारामारी कुठून येणार असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही चांगल्या घरात वाढलात.

न्यूफाउंडलंडच्या हॅगडाउन कोव्ह गावात अझराया पेली या मच्छीमाराने मला घडवलं. त्याचा हात कसबी, पण डोकं भडक. जाळ्यात कॉड मासा आला नाही की घरी येऊन तो मलाच उचलायचा. त्याच्या बायकोचा, ट्रायफेनाचा, डावा हात त्याने मलाच हाणून मोडला. हाड मोडल्याचा आवाज टेबलाखाली लपलेल्या त्यांच्या मुलीने, डॉर्कसने ऐकला. मला आजही स्वतःची किळस येते.

मोठी झाल्यावर डॉर्कस घर सोडून निघाली, ती मला पाठीला बांधूनच.

"खुर्ची कशाला नेतेस गं?" आईने विचारलं.

"इथे राहिली तर तो परत उचलेल."

पुढे तिने गिटार घेतली, स्वतःची गाणी रचली आणि टोरोंटोपर्यंत नाव काढलं. गायला ती माझ्यावरच बसायची. लोक माझंही कौतुक करत आणि मी फुगायचे, खोटं कशाला बोलू? पण दारूच्या गुत्त्यांतली ती कमाई. हॅलिफॅक्सला एका खलाशाने तिचे केस धरले, तेव्हा तिने मला त्याच्या जबड्यावर हाणलं. त्याचे दात पडले, माझा एक पाय निखळला, तो तिने दोरीने बांधला. "मीही बापासारखीच निघाले," म्हणून ती खूप रडली.

मग तिने आईच्या मोडक्या हातावर गाणं रचलं आणि ते गावच्या सभागृहात गायला परत आली. आमच्याकडे गाण्याचे शेवटचे शब्द गात नाहीत, साध्या आवाजात बोलतात. ते बोलून होईपर्यंत गाणाऱ्याला कोणी हात लावत नाही. या गाण्याच्या शेवटी मारणाऱ्याचं नाव होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या अझरायाला ते कळलं आणि तो उठला.

"नाव घेतलंस तर जीव घेईन, पोरी."

"दम धर, स्किपर," मागून कोणीतरी म्हणालं; आमच्याकडे जुन्या मच्छीमाराला मानाने स्किपर म्हणतात. "गाणं संपू दे की तिचं."

डॉर्कसने शेवटचं कडवं पुन्हा गायलं, मग आणखी एकदा. अखेर ती थांबली आणि मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, "अझराया पेली."

त्याने तिला खाली आपटलं. तिचं कपाळ फुटून रक्त वाहू लागलं. मग त्याने मला डोक्यावर उचललं. सगळे बघत राहिले. पुढे आली ती ट्रायफेना. आपल्या वाकड्या हाताने तिने माझा पाय घट्ट धरला.

"खाली ठेव. मला बसायचंय."

त्याने हिसडे दिले, तिला लाथ मारली, तरी तिने सोडलं नाही. तेव्हा कुठे माणसं उठली आणि त्याला फरफटत बाहेर घेऊन गेली. ट्रायफेना माझ्यावर बसली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधीच बसली नव्हती.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवा पाय नको. फक्त शेजारी कधी खुर्ची आपटल्याचा आवाज आला, तर जाऊन दार वाजवा. आमच्या भिंती पातळ होत्या, सारं गाव ऐकत होतं, आणि दार कोणीच वाजवलं नाही.