पट्ट्याकडला आवाज

गोरक्षनाथची व्हॅन अठरा वर्षांची होती आणि त्यातली शेवटची चार वर्षं त्याच्याकडे होती. वाटणीला आलेली मेंढरं विकून त्याने ती घेतली होती. हसनाबादच्या सात बायकांना सकाळी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यावर सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, एवढंच तिचं काम. तिच्या दुरुस्तीसाठी त्याने एक नियम केला होता: महिन्याला एकच दुखणं. मार्चात ब्रेक झाले, एप्रिलात सायलेन्सर. सरकत्या दाराला मेपर्यंत थांबायचं होतं, तोवर ते सुतळीने बांधलेलं असे. मध्येच दुसरं काही बिघडलं, तर गोरक्षनाथ ऐकूनच घेत नसे.

आवाज सुरू झाला तो नेमका सायलेन्सरच्या महिन्यात.

तो पहिल्यांदा ऐकला त्या सात जणींतल्या प्रभावतीबाईंनी. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं, त्यामुळे ड्रायव्हरशेजारची सीट तव्यासारखी तापायची. तिथे बसायला कुणी तयार नसे. प्रभावतीबाई पन्नाशीच्या, पायांच्या दुखण्याने बेजार. शेक बरा वाटतो म्हणून ती जागा त्यांनी आपणहून घेतली होती.

"गोरख, खालून घरघर येऊन राह्यली," त्या म्हणाल्या.

"जुनी गाडी हाये, मावशी."

"काल न्हवती."

गोरक्षनाथने टेप मोठा केला.

पंधरा दिवस त्या सांगत राहिल्या आणि तो टेप वाढवत राहिला. शेवटी एक गाणं संपून दुसरं लागायच्या मधे त्यालाही ऐकू आलं. त्याच संध्याकाळी, परतीच्या वाटेवर, बायका गाडीत असतानाच त्याने राजूरला मच्छिंद्र मिस्त्रीच्या गॅरेजपुढे गाडी उभी केली.

मच्छिंद्रने सीट उचलली, इंजिनाला लांब पान्हा टेकवला आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कान लावला.

"इंजिन गेलं. पूर्ण खोलावं लागंल," तो म्हणाला आणि खर्च सांगितला.

गोरक्षनाथने एकदा गाडीकडे पाहिलं. तेवढ्या पैशांत अशी दुसरी जुनी गाडी आली असती. मेंढरू आजारी पडलं तर निदान चरायचं सोडतं, आपल्याला कळतं तरी, असं त्याच्या मनात आलं. ही पेट्रोल तेवढंच पीत होती.

"इंजिन न्हाई ते," प्रभावतीबाई खाली उतरत म्हणाल्या. "पट्ट्याकडला आवाज हाये."

"मावशी, तुम्ही तिकडं चहा घ्या," मच्छिंद्र म्हणाला.

"घेते. तू आधी पट्टा काढ."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"दाणे निवडायच्या मशीनपाशी अकरा वर्षं उभी हाये मी. बेअरिंग गेली की मशीन असंच रडतं. तिथं मी सांगितलं की फोरमन मशीन बंद करतो."

मच्छिंद्रने इंजिनाच्या जोरावर बाजूचे भाग फिरवणारा तो पट्टा काढला. बाईला सगळ्यांसमोर खोटं पाडावं, एवढाच त्याचा हेतू होता. मग त्याने गाडी चालू केली. इंजिन नुसतं गुणगुणत होतं. घरघर नव्हती. गाडीतल्या सहा बायका माना पुढे काढून बघत होत्या. मच्छिंद्रने इंजिन आणखी थोडा वेळ चालू ठेवलं, न जाणो आवाज परत आला तर. तो आला नाही. मग त्याने बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामाचं चाक हाताने फिरवून पाहिलं. ते जात्यासारखं घरघरलं.

"डायनामा गेलाय," तो म्हणाला, जणू हे त्यानेच शोधून काढलं होतं. "आतून पार झिजलाय. नुसती बेअरिंग बसायची न्हाई, आख्खाच बदलावा लागंल."

नवा डायनामा गोरक्षनाथला झेपणारा नव्हता. पण जालन्याला लोखंड वितळवणाऱ्या कारखान्यांसाठी सगळीकडून मोडक्या गाड्या येतात. रविवारी तो प्रभावतीबाईंना घेऊन एका भंगारवाल्याकडे गेला. ढिगातून तसले तीन डायनामे निघाले. एकाला चंदेरी रंग मारला होता. गोरक्षनाथने तोच उचलला.

प्रभावतीबाईंनी पदर डोक्यावर घेतला, खाली बसल्या आणि एकेक डायनामा कानाशी धरून त्याचं चाक फिरवलं. भंगारवाल्याने वजन करायचं थांबवलं आणि तो बघत उभा राहिला.

"रंगवलेला आत वाळू भरल्यागत वाजतोय," त्या म्हणाल्या. "ह्यो घे." त्यांनी दाखवलेला डायनामा तेलाने काळा झाला होता आणि त्याच्यावर कोंबडीचं पीस चिकटलं होतं.

तोच बसवला. आवाज गेला.

सोमवारी गोरक्षनाथने टेप लावला नाही. राजूर मागे पडेपर्यंत शब्द जुळवून तो म्हणाला, "मावशी, तुम्ही पंधरा दिवस सांगत होत्या."

"व्हय."

"मी ऐकलं न्हाई."

"न्हाई ऐकलं," प्रभावतीबाई म्हणाल्या आणि खिडकीची काच थोडी खाली केली.

पोळ्याच्या आसपास मच्छिंद्रचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, गोरक्षनाथच्या पोरांची चौकशी झाली. मग तो म्हणाला, "एक टेम्पो आलाय. तीन दिस झाले, आवाज सापडंना. मावशीला इचारून बघ बरं."

मावशी गाडीत शेजारीच बसल्या होत्या.

"इतवारी येईन म्हणावं, कपडे धुऊन झाल्यावर," त्या म्हणाल्या. "आन् म्हणावं, गाडी साफ करून ठेव. मी त्या घाणीत वाकायची न्हाई."

गोरक्षनाथने शब्दन् शब्द सांगितला.

"पूर्ण गाडी धुवायची," मच्छिंद्रने विचारलं, "का नुसतं इंजिन?"