साक्षीदाराची सही

किलडुन गावात तेव्हा वकील एकच होता, आणि त्याच्याकडे चांगले कप दोनच होते. निळ्या काठाचे, बशीसकट. बँकेचा मॅनेजर आला की ते निघत, फादर आले की निघत, आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ॲट्रॅक्टा गॉगन आली की निघत. बाकीच्या अशिलांना जाड पांढरे मग. डिंपना रुएनने त्या ऑफिसात एकतीस वर्षं टाइपरायटर बडवला, पण त्या कपातला चहा तिच्या वाट्याला कधी आला नाही आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही. ज्याची त्याची पायरी ठरलेली असायची त्या दिवसांत. ती ओळखून माणसं सुखात होती, निदान दिसायची तरी तशी.

ऑफिसला एक वास होता. शेकोटीत जळणाऱ्या टर्फचा, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या ढेपांचा, वाळत घातलेल्या लोकरी कोटांचा, पाकिटांवरच्या लाखेचा. डिंपनाच्या नाकात तो म्हातारपणीसुद्धा होता. भिंतीवर थोरल्या वकिलांचा, लाव्हेलांचा फोटो. डिंपना सतराव्या वर्षी कामाला लागली तेव्हा ते हयात होते. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यासमोर दोन वह्या ठेवल्या होत्या. एक ऑफिसच्या पैशाची, एक अशिलांच्या पैशाची.

"पोरी, ही दुसरी वही म्हणजे दुसऱ्याचं लेकरू," ते म्हणाले होते. "सांभाळायला दिलंय. दत्तक दिलेलं नाही."

त्यांच्या मागे मुलगा फिंटन खुर्चीवर बसला. देखणा, बोलायला गोड, प्रत्येक अंत्ययात्रेत पुढे. गरिबाचं काम फुकट करणार आणि श्रीमंताला हसवणार. गावाचा त्याच्यावर जीव होता. डिंपनाचा तर, खरं सांगायचं, जरा जास्तच होता. पण ते तिने कधी स्वतःलाही सांगितलं नाही.

ॲट्रॅक्टा गॉगनचा एकुलता एक मुलगा कोलमन लंडनला बोगद्याच्या कामावर होता. एकोणऐंशी साली मातीखाली गेला. बरोबरच्या पोरांनी वर्गणी काढून त्याला तिथेच पुरला, स्वस्तातल्या रांगेत, नुसत्या आकड्याखाली. तीन वर्षांनी भरपाईचे बावीस हजार पौंड आले. म्हातारीने त्या पैशाला हातसुद्धा लावला नाही.

"हे माझ्या पोराच्या रक्ताचे आहेत, मिस्टर लाव्हेल," ती म्हणाली. "यातून त्याला घरी आणा. त्याच्या बापाशेजारी. उरतील ते फादरना द्या."

"मिसेस गॉगन, आणतो म्हणजे आणतो. इंग्लंडची परवानगी लागते, तेवढी येऊ दे."

त्या दिवसापासून दर पहिल्या शुक्रवारी म्हातारी चर्चमधली मिसा आटोपून ऑफिसात येई. सोबत फडक्यात बांधलेला ब्राऊन ब्रेड, डिंपनासाठी.

"आलं का गं काही लंडनचं?"

"नाही अजून, मिसेस गॉगन."

"इंग्रज ते! जिवंत होता तेव्हा दोन दिवसांत कामावर घेतला. आता सोडायला सहा वर्षं लागतात त्यांना." मग निळ्या काठाच्या कपातून चहाचा घोट घेऊन म्हणे, "पण मिस्टर लाव्हेल मागे आहेत ना. मग मला कसली काळजी!"

लंडनची पत्रं डिंपनाच टाइप करी. फिंटन ती तिच्या हातून घेई. "पोस्टात मीच टाकतो, डिंपना. महत्त्वाचं आहे." एकदा लाख शोधताना तिने त्याचा खालचा खण उघडला. सगळी पत्रं तिथेच होती, सहा वर्षांची, एकावर एक नीट रचलेली. तिने लाख घेतली आणि खण हळूच लोटला. डब्लिनमध्ये त्याची एक इमारत अर्धवट उभी आहे, बँक मागे लागली आहे, हे तिला त्याच्या टेलिफोनवरच्या बोलण्यातून कळलं होतं. दुसऱ्या वहीत काय झालं असेल हे कळायला तिला वही उघडण्याची गरज नव्हती. नाहीतरी दोन वर्षांपासून ती वही फिंटन स्वतःच लिहीत होता.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये तळ्यापलीकडच्या एका शिक्षिकेने आपले पैसे मिळत नाहीत म्हणून डब्लिनला वकिलांच्या संस्थेकडे तक्रार केली. तपासणीला माणूस येतोय असं पत्र आलं. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवार नसताना, फिंटनने गाडी पाठवून ॲट्रॅक्टाला आणवलं. निळे कप काढले. आपल्या हाताने चहा ओतला.

"इथे एक सही हवी होती, मिसेस गॉगन."

"लंडनच्या लोकांसाठी का?"

"त्यातलंच आहे."

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, बाबा. बोट ठेव, तिथे करते."

त्याने बोट ठेवलं. तिने जीभ दातांत धरून, शाळकरी पोरीसारखी, सावकाश सही केली. मग त्याने कागद डिंपनासमोर सरकवला.

"साक्षीदार म्हणून, डिंपना."

डिंपनाने वाचला. ॲट्रॅक्टा गॉगन हिने फिंटन लाव्हेल यांना खासगी ओळखीतून, वकील-अशील या नात्याबाहेर, बावीस हजार पौंड उसने दिले आहेत. तारीख, दोन जून एकोणीसशे ब्याऐंशी.

तिने मान वर केली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसा बुडणारा माणूस काठावरच्याकडे पाहतो. म्हातारी शेजारी बसून बशीतलं बिस्किट चहात बुडवत होती.

डिंपनाने सही केली. खाली आपल्या सुबक अक्षरात ब्याऐंशीची तारीख घातली.

"झालं का माझ्या कोलमनचं काम?" म्हातारीने विचारलं.

"झालं," फिंटन म्हणाला.

तपासणीला आली ती मिस हुरिहान नावाची बाई. लहान चणीची, सर्दी झालेली, सारखी रुमाल शोधणारी. तीन दिवस ती वह्यांत डोकं घालून बसली. चौथ्या दिवशी तिने डिंपनाला आत बोलावलं. कागद टेबलावर होता.

"ही सही तुमची?"

"हो."

"याच तारखेला केलेली?"

"हो."

मिस हुरिहानने नाक पुसलं. "मिस रुएन, मी घाई करत नाही. तुम्हाला एक सांगते. अशिलांचे पैसे वकिलाने बुडवले तर आमच्याकडे एक निधी आहे, सगळ्या वकिलांच्या वर्गणीचा. त्यातून त्यांना पै-पै परत मिळते. पण पैसे त्याला वकील म्हणून दिलेले असले तरच. उसने दिले असतील तर तो दोघांचा आपापसातला मामला. मग आमचे हात बांधलेले. कळतंय ना तुम्हाला, मी काय विचारतेय?"

"कळतंय."

"मग पुन्हा विचारते. त्याच तारखेला?"

बाहेरच्या खोलीत फिंटनच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. जमिनीची एक फळी करकरायची. डिंपनाला तिचा आवाज पाठ होता.

"त्याच तारखेला," ती म्हणाली.

महिन्याच्या आत ऑफिस बंद झालं. डब्लिनहून गाडी आली, फायली खोक्यांत भरल्या, दाराला नवं कुलूप लागलं. फिंटनची सनद गेली आणि पाठोपाठ त्याला पक्षाघाताचा झटका आला. आता तो खिडकीशी बसून राही, अर्ध्या तोंडाने काहीतरी पुटपुटत. गाव हळहळलं. पैसे बुडाले होते कितीतरी जणांचे, पण राग निघाला तो त्या शिक्षिकेवर. खबऱ्या ही आमच्याकडची सगळ्यांत जुनी शिवी. खुन्याला एक वेळ मिसा मिळेल, खबऱ्याला मिळत नाही.

"बाईने एका भल्या माणसाला जिवंत पुरलं हो," खाटकाच्या दुकानात रांगेत कोणी म्हणालं.

"पैशासाठी! कितीचे होते तिचे?"

"चार हजार."

"चार हजारांत वकील पुरला? माझ्या नवऱ्याला पुरायला दीड हजार लागले. आणि तो तर नुसता पोस्टमन होता."

सगळे हसले. डिंपनाही हसली, आणि आपलं मटण घेऊन घरी आली.

बाकीच्यांचे पैसे निधीतून हळूहळू परत आले. त्या शिक्षिकेचेसुद्धा. पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी ॲट्रॅक्टा डिंपनाच्या दारात उभी राहिली. हातात फडक्यात ब्रेड, आणि एक लांब पाकीट.

"मला वाचता येत नाही गं आता. आणि शेजाऱ्यांना कशाला दाखवू? तू ऑफिसातलीच. वाच."

डिंपनाने वाचलं. कळवण्यास खेद वाटतो. उपलब्ध कागदपत्रांवरून सदर रक्कम हे खासगी कर्ज होतं. साक्षीदाराच्या जबाबाने त्यास पुष्टी मिळाली आहे. दावा मान्य करता येत नाही.

म्हातारीने ब्रेड टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी उसने दिले होते?"

"असं... असं लिहिलंय."

"मला नाही आठवत. मी तर कोलमनसाठी..." तिने कपाळाला हात लावला. "साक्षीदार कोण म्हणालीस?"

पत्रात नाव होतं. दुसऱ्या परिच्छेदात, पूर्ण नाव.

"नाव नाही दिलेलं," डिंपना म्हणाली.

"मग असेल खरं. मीच विसरले असेन. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली बघ. एवढा मोठा माणूस आणि वर साक्षीदार, ते कशाला खोटं बोलतील?" ती उठली. "पोराचे पैसे उसने देऊन बसले आणि विसरले. कसली आई मी!"

ब्रेड टेबलावरच राहिला. डिंपनाने तो खाल्ला नाही आणि फेकलाही नाही. त्याच्यावर बुरशी चढली तेव्हा तिने तो परसात पुरला.

त्यानंतरही म्हातारी पहिल्या शुक्रवारी येत राहिली. ऑफिस नव्हतं, म्हणून डिंपनाच्या घरी. मुलाबद्दल बोलायची ती थांबली. उलट स्वतःची परीक्षा घ्यायची. "काल काय वार होता? बुधवार ना? बघ, हे आठवतं मला. मग तेच कसं गेलं?" आणि डिंपना तिच्या कपात साखर घालायची. साधाच कप. तिच्याकडे चांगले कप नव्हतेच.

एक्क्याण्णवच्या शेवटी फिंटन गेला. असा अंत्यविधी गावाने पाहिला नव्हता. रांग चर्चपासून पुलापर्यंत. ॲट्रॅक्टा काठी टेकत आली, शवपेटीवर हात ठेवून तिने प्रार्थना म्हटली. "मिस्टर लाव्हेल, मी विसरले त्याबद्दल माफ करा," असं ती हळूच म्हणाली. मागे उभ्या असलेल्या डिंपनाने ते ऐकलं.

त्याच आठवड्यात डिंपनाने डब्लिनच्या त्या संस्थेला लिहिलं. सगळं लिहिलं: खण, कागद, मार्च महिना, बोट, बिस्किट. खाली सही केली आणि खरी तारीख घातली. मग पोलीस येतील म्हणून चांगला कोट ब्रश करून दाराशी टांगून ठेवला. कोट तसाच टांगून राहिला. मिस हुरिहान आली, शपथेवर जबाब घेऊन गेली. जाताना एवढंच म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं." पोलिसांकडून एक कोरडं पत्र आलं, की मुख्य आरोपी मृत असल्याने पुढे कारवाई नाही. डिंपनाला वाटलं होतं, शिक्षा झाली तर झोप लागेल. तेवढंही तिच्या नशिबी नव्हतं.

पैसे मात्र आले. बावीस हजार, वर व्याज. ॲट्रॅक्टाने चेक नाकाला लावून पाहिला.

"म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नाही, मिसेस गॉगन. तुम्ही काहीच विसरला नव्हता."

खणात पडून राहिलेल्या पत्रांचं डिंपनाने सांगितलं, आपल्या सहीचं नाही. म्हातारी रडली आणि हसली. दहा वर्षांनी लहान दिसली. "लिही गं लंडनला. या वेळी पोस्टात मी स्वतः टाकते." आणि टाकलंही, पेटीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून. मग कबरस्तानात जाऊन नवऱ्याशेजारची जागा साफ करवून घेतली, कडेला चुना मारवला.

जून महिन्यात उत्तर आलं. पाकीट न फोडता ती डिंपनाकडे आली.

"वाच. आणि हळू वाच, मला सगळं ऐकायचंय."

पत्र सभ्य होतं. कबरस्तानात जागा कमी पडल्याने जुन्या सामाईक रांगांवर सहा फूट भर घालण्यात आली. त्यावर आता नव्या कबरी आहेत, एकशे चाळीस कुटुंबांच्या. खालचे देह काढता येणं यापुढे शक्य नाही. काम सुरू करण्याआधी वर्षभर नोटीस लावली होती. ज्यांनी त्या मुदतीत अर्ज केला त्यांचे देह त्यांच्या स्वाधीन करण्यात आले.

"भर कधी घातली?" म्हातारीने विचारलं. "साल वाच."

डिंपनाच्या ओठांवर दुसरं साल आलं होतं. शहाऐंशी म्हटलं असतं, तर दोष फक्त मेलेल्या फिंटनकडे गेला असता.

"नव्वद," ती म्हणाली. "ऑगस्ट एकोणीसशे नव्वद."

म्हातारीने बोटांवर मोजलं. हिशेब तिचा पक्का होता. "आणि ते नाकारल्याचं पत्र तू मला वाचून दाखवलंस ते अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात. म्हणजे तेव्हा पैसे मिळाले असते तर..."

"तर तो घरी आला असता."

"साक्षीदाराने खोटं सांगितलं म्हणून."

"हो."

"नाव नव्हतं दिलेलं, म्हणालीस."

"दिलेलं होतं. माझं."

शेकोटीत एक ढेप कोसळली. म्हातारीने पत्रासाठी हात पुढे केला, घडी घातली, पुन्हा घातली, अगदी लहान होईपर्यंत घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. दारापर्यंत जाऊन थांबली.

"तीन वर्षं मी तुझ्या टेबलाशी बसून स्वतःला विसरभोळी म्हणत होते," ती म्हणाली. "आणि तू साखर घालत होतीस."

नंतरच्या पहिल्या शुक्रवारी डिंपनाने केटली चढवली होती. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही.

ॲट्रॅक्टा त्यानंतर दोन हिवाळे जगली. ती गेल्यावर बिस्किटांच्या डब्यात चेक सापडला, न वटवलेला, मुदत उलटून गेलेला. नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला तिला ठेवलं. कोलमनची जागा तिने सांगून ठेवल्याप्रमाणे रिकामीच सोडली. तिथे दगड नाही, नाव नाही. चुना दर वर्षी पावसाने निघून जातो, आणि जूनमध्ये डिंपना बादली घेऊन जाते आणि तो पुन्हा मारते. आता तिला खाली बसलं की उठता येत नाही लवकर. तिथेच बसून राहते, कोणीतरी हात देईपर्यंत.