अण्णांची उष्णता

वैशाखातल्या उतरत्या दुपारी अण्णा मिलमधून घरी येत, तेव्हा त्यांच्या आधी त्यांचा वास येई. तापून निवलेल्या लोखंडाचा, ग्रीसचा आणि अंगावरच वाळलेल्या घामाचा तो वास उंबरठा ओलांडून आत आला, की आई मागं वळून न बघताच माठावरचं झाकण उचली. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असत, तळं आटत जाताना काठावर राहतात तशा. ओसरीवर बसून ते खांद्यावरची दस्ती पाण्यात बुडवत आणि ओलीच छातीवर पसरत. आम्ही दोघी बहिणी धावत जवळ गेलो, की हात लांब करून, तळवा आमच्याकडे वळवून, आम्हाला आहोत तिथेच थांबवत. "लांब ऱ्हा माय. अंगात भट्टी हाये." तो उभा धरलेला तळवा ही अण्णांची मला आठवणारी सर्वांत जुनी मुद्रा आहे.

घनसावंगीकडची कोरडवाहू जमीन धाकट्या भावाकडे सोपवून ते तरुणपणीच जालन्याला आले आणि सळयांच्या मिलमध्ये लागले. भट्टीतून सरपटत येणारी लालबुंद सळई चिमट्यात धरायची, वळवायची आणि पुढच्या रुळांच्या तोंडी द्यायची, हे काम त्यांनी हातांनी आणि कमरेनं आयुष्यभर केलं. तळव्यांची कातडी इतकी निबर झाली होती, की उकळत्या चहाचा पितळी पेला ते सहज उचलत आणि गरम आहे की गार हे घोट घशाखाली उतरल्यावरच त्यांना कळे. इतक्या वर्षांचा जाळ आपल्या हाडांत जाऊन बसला आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्या उष्णतेवर सब्जा, ताक, धण्याचं पाणी, खिशातला कांदा असे नाना उतारे चालत. मिल सुटली, मिशा पांढऱ्या झाल्या, आई गेली, पण उष्णता काही गेली नाही. पौषातल्या थंडीतही ते उघड्या फरशीवर झोपत. इतरांच्या घरी मुलं वडिलांच्या रागाला भीत, आम्ही त्यांच्या उष्णतेला भ्यायचो.

या समजुतीच्या तळाशी काय आहे, ते आईनं मला जाण्याच्या थोडे दिवस आधी सांगितलं. माझ्या आणि धाकट्या वर्षाच्या मध्ये आम्हाला एक भाऊ होता. एका उन्हाळ्यात, मिलमधून आल्या आल्या, अण्णांनी त्या तान्ह्याला छातीवर घेतलं आणि दोघेही दुपारभर तसेच झोपले. संध्याकाळी पोराचं अंग तापलं, आणि तो ताप उतरलाच नाही. डॉक्टरांनी आजाराचं काही वेगळंच नाव सांगितलं होतं. अण्णांच्या कानापर्यंत ते पोचलं नाही, कारण दोष कुणाचा हे त्यांनी मनाशी आधीच ठरवून टाकलं होतं. पुढे वर्षा जन्मली, तेव्हा पाळण्यापासून चार हातांवर उभं राहून त्यांनी तिला पाहिलं आणि आईला म्हणाले, "हिला माझ्यापासून संभाळ." त्यांच्या उभ्या तळव्याचा अर्थ मला तेव्हा समजला, आणि वर्षाला तो कधी सांगावा हे मात्र उमगलं नाही.

वर्षाचं पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आमच्याकडे ठरलं. मी घरातली थोरली, आणि पट्टीची भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या पाठीमागे तर त्याचं अख्खं बिऱ्हाड असतं. भीतीवर माझं औषध एकच, खरेदी. फोनवर बघून बघून मी टोपडी मागवली, मोजे मागवले, थर्मामीटर, आईचं दूध काढायचा पंप, बाळ रडलं की दुसऱ्या खोलीत वाजणारं एक यंत्र, आणि बेडकाच्या आकाराचा हिरवा टब. जन्माआधी बाळाचं सामान घरात आणू नये, असं शेजारणीनं बजावलं, त्यानं मी आणखीच भ्याले आणि आणखी चार वस्तू मागवल्या. अण्णा खोक्यांच्या ढिगाकडे बघून म्हणाले, "दुकान टाकून राह्यली का, सुमन?" आम्ही तिघंही हसलो. ते त्या उन्हाळ्यातलं आमचं शेवटचं मोकळं हसू.

दिवस भरायच्या कितीतरी आधी वर्षाचं ब्लड प्रेशर चढलं आणि तिला झटके आले. पोट चिरून बाळ काढावं लागलं. ती दवाखान्याच्या एका इमारतीत बेशुद्ध, आणि तिचा मुलगा समोरच्या इमारतीत काचेत. आमच्याकडे अशा बाळाला 'काचेत ठेवलं' असंच म्हणतात, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. वर्षाचा नवरा गणेश तिच्या दाराशी रक्त आणि औषधांसाठी धावत होता. मी बाळाच्या दाराशी भलीमोठी पिशवी घेऊन उभी होते, आणि खोकत होते. माझ्या मागे बाकावर, भिंतीला पाठ न टेकता, अण्णा बसले होते.

तिथली सिस्टर पोक्त होती, कमी बोलणारी. तिनं माझी पिशवी उघडली. टोपडं, मोजे आणि लंगोट काढून घेतले. पंप हातात घेऊन म्हणाली, "हा कामाचा हाये. आई शुद्धीवर आली की लागंल." बाकीचं सगळं तिनं नीट परत भरलं. "सामान पुष्कळ आणलं ताई तुम्ही. आता माणूस आणा." मला समजेना. मग तिनं सांगितलं, की एवढ्याशा जिवाला स्वतःची ऊब धरता येत नाही, त्याला कुणाच्या तरी उघड्या छातीवर बांधून तासन्तास बसावं लागतं. हे आईचं काम, आणि आई नसेल तर घरातल्या कुणाही धडधाकट माणसाचं. तेवढ्यात मला खोकल्याची उबळ आली आणि सिस्टरची नजर माझ्यावरून उठून मागच्या बाकावर गेली.

"माझं जमायचं न्हाई, सिस्टर," अण्णा उठून उभे राहिले. "माझ्या अंगात उष्णता हाये. लेकराला सोसायची न्हाई."

"बाबा, त्याला तीच कमी पडून राह्यली."

त्यांचा उजवा हात वर आला, तोच तळवा, पण अर्ध्यावरच राहिला. अण्णांना घाबरलेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. लालभडक सळईसमोर पापणी न हलवणारा माणूस दरवाजाच्या कडीकडे अशा नजरेनं बघत होता, की माझ्याच पाचावर धारण बसली. "हातपाय धुऊन येतो," एवढंच म्हणून ते गेले आणि बऱ्याच वेळानं आले.

बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. काचेआडच्या खोलीत मात्र निळसर, सावलीसारखा प्रकाश होता. सिस्टरनं अण्णांना खुर्चीत टेकून बसवलं, सदऱ्याच्या गुंड्या सोडायला लावल्या, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत मावूनही जागा उरेल असा तो जीव त्यांच्या छातीवर ठेवून मऊ पट्ट्यानं बांधला. ती गेली. अण्णा डोळे मिटून, श्वासही मोजूनमापून घेत बसले होते. काचेवर माझं प्रतिबिंब पडलेलं, त्याच्या आरपार मला ते दिसत होते. थोड्या वेळानं आतल्या यंत्रावरचा दिवा उघडझाप करू लागला. सिस्टर आली, तिनं बाळाच्या पायाला हात लावला आणि तिचा चेहरा बदलला. तिनं भराभर पट्टा सोडला. तळपाय निळे पडले होते, ते मला एवढ्या लांबूनही दिसले. आवाज काहीच येत नव्हता, फक्त हात हलत होते. गेलं, असं मला वाटलं. शेजारणीचं बोलणं, ती खोकी, तो हिरवा बेडूक हे सगळं मनात एकदम वर आलं.

गेलं नव्हतं. त्याला पुन्हा दिव्याच्या उबेखाली ठेवलं होतं. सिस्टर अण्णांना घेऊन बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात त्यांची दस्ती होती, निथळत असलेली. अण्णांनी थंड पाण्याच्या मशिनखाली छाती भिजवली होती, आणि बोलावणं येईपर्यंत ती दस्ती सदऱ्याच्या आत धरून ठेवली होती. आत जाताना ओल वरवर टिपून त्यांनी ती खिशात दडवली होती.

"जरा गार करून आल्तो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "म्हणलं, लेकरू पोळायचं न्हाई."

सिस्टर रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, अंगात हाये तेवढी सगळी घेऊन या. त्यातली बिलकुल कमी करू नका."

अण्णा बाकावर बसले. म्हणाले, "सुमन, याच्या आधी एक लेकरू..." आणि थांबले. "आईनं सांगितलंय मला," मी म्हणाले. "त्याला दुसरा आजार होता, अण्णा."  उन्हं खिडकीतून त्यांच्या पायांपर्यंत सरकली, तेव्हा आतून पुन्हा बोलावणं आलं. त्यांनी सदरा उघडला, माझ्या ओढणीचं टोक ओढून घेतलं आणि छाती पुसू लागले. पुन्हा पुन्हा, खसाखसा, कातडी लाल होईपर्यंत. "बघ बरं, बराबर कोरडी झाली का," म्हणाले. त्यांच्या छातीला मी जन्मात प्रथम हात लावला. ती कोमट होती, कुणाही माणसाची असते तशीच. मी तसं त्यांना सांगितलं नाही. मला तेव्हा ती भट्टीच हवी होती.

सिस्टरनं त्यांना एक काम दिलं होतं. मधूनमधून बाळाच्या तळपायाला हात लावायचा, गार लागला तर हाक मारायची. पण अण्णांच्या हातांना गरम-गार कुठं कळत होतं? त्यांनी तळवा लावून पाहिला, मग हाताची मागची बाजू. तिथंही जुने चटके होतेच. काचेपलीकडे त्यांची तारांबळ मला दिसत होती आणि मी काही करू शकत नव्हते. मग त्यांनी मान वाकवली, दोन बोटांत तो द्राक्षाएवढा पाय मोजा काढून उचलला, आणि आपल्या मिटलेल्या पापणीला लावला. निबर व्हायची राहिलेली तेवढीच एक जागा त्यांच्यापाशी उरली होती. देवाचा अंगारा, गुरुजींची पाटी, पायाखाली आलेलं धान्य आपण डोळ्यांना लावतो, तसंच ते दिसे. जवळून जाणारी माणसं थांबून बघत, आणि आजोबा किती भाविक आहेत म्हणत. मला ठाऊक होतं की ती भीती आहे. पाय पापणीवर टेकलेला असे तोवर मी श्वास धरून राही, मग पापणी उघडे, ते काचेतून माझ्याकडे बघत, आणि मान किंचित हलवत. तेवढ्यावर माझा पुढचा तास निघे.

असे किती दिवस गेले, ते सांगता येणार नाही. भीती रोज नवी असे. कधी वजन उतरे, कधी बाळ श्वास घ्यायचं विसरे आणि सिस्टर त्याच्या तळव्याला टिचकी मारून त्याला आठवण करून देई. त्या वेळी अण्णांचं तोंड राखेसारखं होई, पण ते उठून पळाले नाहीत. वर्षा शुद्धीवर आली आणि माझा पंप अखेर कामाला लागला. तिचं थेंब थेंब दूध वाटीत घेऊन मी दोन इमारतींमधलं ऊन ओलांडत असे, ओढणीची सावली वाटीवर धरून. ते दूध नळीनं बाळाच्या पोटात जाई, आणि अण्णांची छाती त्याच्या पोटाशी. एकदा दारातूनच त्यांनी मला विचारलं, "वर्षी जेवली का?" तिचं नाव त्यांच्या तोंडून इतक्या मऊपणानं मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

मग एक दिवस वर्षाला चाकाच्या खुर्चीतून आणलं. सिस्टरनं अण्णांचा पट्टा सोडला आणि बाळ तिच्या छातीशी बांधलं. वर्षानं त्याच्या टाळूवर नाक टेकलं आणि खोल श्वास घेतला. मग म्हणाली, "सुमनताई, याला अण्णांचा वास येऊन राह्यला." ती रडत होती. वडिलांचा वास इतक्या जवळून तिला पहिल्यांदाच मिळत होता. बाळंतपणाला महिना लोटत आल्यावर, घरी जाऊन, मी तिला भावाची गोष्ट सांगितली.

त्या दिवशी, पट्टा सुटल्यावर, अण्णा दवाखान्याच्या व्हरांड्यात आले. ज्येष्ठाची काहिली होती, गरम वाऱ्यानं खिडकीची तावदानं तापली होती, माणसं पंख्याखाली जागा धरून बसली होती. अण्णांनी सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या. हात काखेत घातले. बाकावर अंग चोरून बसले. मी विचारलं, "काय झालं अण्णा?"

"काई न्हाई," ते म्हणाले. "जरा गार लागून राह्यलं."

आता अण्णा नाहीत. तो मुलगा शाळेत जातो, भर उन्हात अनवाणी हुंदडतो, आणि वर्षा त्याच्यामागे टोपी घेऊन धावते. भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट करून तो विचारतो, हे कोण, आणि उत्तर ऐकायच्या आत पळून जातो. तो पळतो तेव्हा त्याच्या तळपायांकडे बघायची मला सवय जडली आहे, अजून, विनाकारण. ज्या उबेवर तो जगला ती त्याला आठवत नाही, आणि आठवायची त्याला गरजही नाही. आठवते ती मला, आणि वैशाखाच्या भर दुपारी अण्णांच्या रिकाम्या ओसरीवर बसलं, की आता मलाच गार लागतं.